जाड स्टॅबिलायझर रॉड टाकायचा की नाही: ठरवायची रीत, पायरीपायरीने

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना मागच्या सीटवरची आई प्रत्येक वळणाला दारावरचा दांडा घट्ट धरते. गावी परतल्यावर मुलगा गॅरेजात जाऊन सांगतो, गाडी फार डुलते. मिस्त्री खाली न वाकताच म्हणतो, "भाऊ, समोर जाड रॉड टाकून द्या, मंग पाहा गाडी जमिनीले कशी चिकटते!" पैसे जातात, रॉड बसतो आणि पुढच्या आठवड्यात पांदणीने वावरात जाताना सगळ्यांची डोकी काचेवर आपटू लागतात.

चार वर्षांपूर्वी मीही हेच केलं. औषध आधी घेतलं, आजार नंतर शोधला. महिनाभराने कळलं की टायरमध्ये ३८ पीएसआय, म्हणजे गरजेपेक्षा जास्त हवा होती आणि डावीकडची लिंक रॉड (जाड रॉडचं टोक चाकाकडे जोडणारी छोटी दांडी) ढिली झाली होती. हा लेख त्यासाठीच आहे: काम कोणत्या क्रमाने करायचं आणि लोक कुठे घसरतात ते सांगायला. कोणी याला स्वे बार म्हणतं, कोणी अँटी-रोल बार. आपल्याकडच्या गॅरेजात स्टॅबिलायझर रॉड म्हणतात, म्हणून इथे मीही नुसतं ‘रॉड’ म्हणतो.

## सुरुवातीला एवढं समजून घ्या

रॉड डाव्या आणि उजव्या चाकाला जोडतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे अख्ख्या रस्त्यावर पसरलेला स्पीडब्रेकर आला, तर रॉड नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली झालं की पीळ बसतो आणि रॉड विरोध करू लागतो. वळणात गाडी कलते तेव्हाही हेच होतं, आणि डावं चाक खड्ड्यात गेलं तेव्हाही हेच. वळण कुठलं आणि खड्डा कुठला हे रॉडला कळत नाही.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जाईल हे गाडीच्या वजनाचा मध्य किती उंच आहे, दोन चाकांत अंतर किती आहे आणि वळण किती वेगात घेतलं यावर ठरतं. रॉड त्यात जवळजवळ काही कमी करत नाही. पुढच्या जोडीने किती पेलायचं आणि मागच्या जोडीने किती, एवढीच वाटणी तो बदलतो. दोन भावांत वाटणी कशीही करा, वावर तेवढंच राहतं.

म्हणून गाडी कमी कलली म्हणजे पकड वाढली असं समजू नका. टायरवर दुप्पट वजन टाकलं तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. ज्या बाजूचा, पुढचा किंवा मागचा, रॉड जाड कराल तिथल्या बाहेरच्या टायरवर जास्त ओझं येतं आणि ती जोडी आधी घसरू लागते. याला एक अपवाद आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब असतो. अशी गाडी फार कलली की पुढचा टायर कडेवर उभा राहतो. तिथे कलणं आवरलं तर टायर सपाट बसतो आणि पुढची पकड थोडी सुधारूही शकते. म्हणून मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

## टप्पा १ : तक्रारीला नाव द्या

‘गाडी डुलते’ या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार लपतात. एका वहीत लिहा: कुठे, किती वेगात, किती माणसं असताना, आणि नेमकं काय होतं.

वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि वळण संपेपर्यंत तशीच राहते, तर हे रॉडच्या खात्यातलं काम असू शकतं.

ब्रेक मारला की नाक खाली जातं, किंवा मागे दोन पोती टाकली की गाडी मागून बसते, तर रॉडचा संबंधच नाही. दोन्ही चाकं सोबत खाली जातात, रॉडला पीळ बसत नाही. तिथे स्प्रिंग किंवा शॉकअप पाहायचा.

उंचवट्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होत राहते, तर शॉकअप गेले आहेत. यवतमाळ-अमरावतीकडच्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांना हा आजार लवकर दिसतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. अशा लाटांवर गाडी झुलली तर रॉड जाड करून उपयोग नाही.

समृद्धी महामार्गावर ट्रकला मागे टाकताना गाडी बाजूला ढकलल्यासारखी होते, तर आधी टायर, अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कोन) आणि छतावरचं कॅरियर पाहा.

तपासा: चारपैकी फक्त पहिली तक्रार तुमची असेल तरच पुढे रॉडचा विचार. पण टप्पा २ सगळ्यांनीच करायचा आहे.

## टप्पा २ : गाडी मूळ पदावर आणा

लोक हा टप्पा सर्वांत जास्त गाळतात. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. क्रम बदलू नका.

ओझं. डिकीतला जुना जॅक, पाण्याची कॅन, फवारणीचा पंप, कधीकाळी ठेवलेली खताची गोणी, सगळं काढा. छतावर कॅरियर असेल तर तेही उतरवा. वजन जितकं वर, तितकं कलणं जास्त. कॅरियर ठेवून रॉड बदलायचा म्हणजे गळक्या हौदाला मोठा नळ लावायचा.

हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावरचा आकडा घ्या, पंक्चरवाल्याचा नको. मोजायची वेळ पहाटेची, गाडी रात्रभर उभी असताना. तापमान साधारण साडेपाच अंश वाढलं की टायरमधली हवा जवळपास १ पीएसआय वाढते. मे महिन्यात सकाळी २८ अंश आणि दुपारी ४५ अंश, म्हणजे न चालवताही ३ पीएसआयचा फरक. दुपारी तापलेल्या टायरमधून ‘जास्त झाली’ म्हणून हवा काढणारे दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर गाडी चालवतात, आणि मग ती वळणात मऊ, डगमगती वाटते. स्वतःचं गेज घ्या. चार ठिकाणची चार गेजं चार आकडे सांगतात.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं. नक्षी भरपूर दिसत असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर पकडीची परीक्षा घेऊ नका. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटर उरली. तो टायर बदलायचाच.

लिंक रॉड आणि डी-बुश. मुख्य रॉड क्वचितच बिघडतो. त्याच्या टोकाच्या दोन लिंक आणि चेसीला धरणारे दोन रबरी बुश बिघडतात. लिंकमध्ये ढिलाई असेल तर वळणाच्या सुरुवातीला रॉड कामच करत नाही, मग एकदम पकडतो. माणसाला वाटतं रॉड कमकुवत आहे.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. चार-पाच सेंटिमीटर जाडीची फळी घ्या. आधी तिच्यावरून फक्त डावीकडची चाकं न्या, मग फक्त उजवीकडची, माणसाच्या चालीने, काच उघडी ठेवून. त्यानंतर अख्ख्या रस्त्याचा स्पीडब्रेकर सरळ ओलांडा. फळीवर कट-कट आवाज येतो आणि स्पीडब्रेकरवर येत नाही, तर बोट लिंककडे जातं. दोन्हीकडे आवाज येत असेल तर स्ट्रट माउंट, लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश किंवा बॉल जॉइंट पाहा.

लिंक नेहमी जोडीने बदला. जाड रॉडच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

शॉकअप. बाहेरून तेलाने ओला असेल तर गेला. कोपरा दाबून सोडायची परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही. गाडीने लाखभर किलोमीटर ओलांडले असतील आणि शॉकअप मूळचेच असतील, तर रॉडचा पैसा तिकडे वळवा.

अलाइनमेंट. वरचं सगळं झाल्यावर, शेवटी. आधी अलाइनमेंट आणि मग लिंक-बुश ही उलटी वरात गॅरेजात रोज निघते. मग त्याच कामाचे पैसे दोनदा जातात.

तपासा: एवढं करून पंधरा दिवस गाडी चालवा. आईने दांडा धरणं सोडलं असेल, तर लेख इथेच बंद करायला हरकत नाही.

## टप्पा ३ : मैदान आणि रस्ता ठरवा

दोन जागा लागतात.

एक, मोकळं, सपाट, सिमेंटचं आवार. हंगाम संपल्यावर जिनिंगचं किंवा बाजार समितीचं आवार उत्तम. मालकाची किंवा सचिवांची परवानगी घ्या आणि गेट बंद ठेवा. निदान ६० मीटर लांब-रुंद जागा हवी. मधोमध खुंटी ठोका, १५ मीटर दोरी बांधा आणि कबड्डीच्या मैदानाला मारतो तशी फक्कीने वर्तुळाची रेघ मारा. खडी, मुरूम, सांडलेली सरकी असेल तर आधी झाडून घ्या.

दोन, रोजच्या वापराचा साधारण २० किलोमीटरचा फेरा. त्यात कडा तुटलेलं एकेरी डांबर हवं, थोडी पांदण हवी, दोन-तीन स्पीडब्रेकर हवेत, आणि जवळ असेल तर घाटाचा तुकडा. बुलढाण्याच्या लोकांना राजूर घाट आहे, अचलपूरवाल्यांना चिखलदरा. यवतमाळ-वर्ध्याच्या सपाटीवरच्या माणसाने उगाच घाट शोधत जाऊ नये. ज्या रस्त्यावर वर्षाचे ३६० दिवस चालता, त्याच रस्त्यावर निकाल लागला पाहिजे.

सावधान: पकडीची परीक्षा चालत्या सार्वजनिक रस्त्यावर करू नका. रस्त्यावर फक्त आराम आणि डुलणं तपासायचं. वेग नेहमीचाच.

## टप्पा ४ : आहे त्या गाडीची मापं घ्या

चूक इथे एकच होते, पण सगळेच करतात. मोबाइलवर कोन दाखवणारं ॲप उघडतात, डॅशबोर्डला चिकटवतात आणि वळणात आकडा वाचतात. तो आकडा खोटा असतो. ‘खाली’ म्हणजे कुठे हे मोबाइल ओढीवरून ओळखतो, आणि वळणात बाजूची ओढही त्यात मिसळते. १५ मीटरच्या वर्तुळात ताशी २५ किलोमीटरने गेलात तर गाडी समजा २ अंश कललेली असेल, पण ॲप १८-२० अंश दाखवेल. रॉड जाड करूनही ते जवळपास तेवढंच दाखवेल.

खरं माप असं घ्या. दीड मीटरची सरळ लाकडी पट्टी मागच्या बंपरला आडवी, पक्की बांधा. मोबाइल तिपाईवर, वर्तुळाच्या बाहेर ३० मीटरवर असा लावा की एका ठिकाणी गाडी कॅमेऱ्याकडे पाठ करून सरळ दूर जाताना दिसेल. व्हिडिओ चालू करून माणसाने तिथून बाजूला व्हायचं. नंतर त्याच ठिकाणचं चित्र थांबवून मागच्या दोन टायरच्या बुडांना जोडणारी रेघ आणि पट्टी यांच्यातला फरक मोजा. दीड मीटरच्या पट्टीवर २ अंश म्हणजे दोन टोकांत साधारण ५२ मिलिमीटरचा फरक.

वेग स्पीडोमीटरवरून नको, तो थोडा जास्तच दाखवतो. फेरीचा वेळ घ्या. वर्तुळाचा घेर ९४ मीटर. १७ सेकंदांत फेरी म्हणजे ताशी २० किलोमीटर, साडेतेरा सेकंदांत फेरी म्हणजे २५. यापुढे जाऊ नका. निकालासाठी एवढं पुरतं.

स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला पांढरी टेप लावा. १५ च्या वेगात रेघ धरून चालताना टेप कुठे आहे ते पाहा, मग २५ च्या वेगात कुठे जाते ते पाहा. रेघेवर राहायला स्टिअरिंग जास्त फिरवावं लागलं, तर पुढची चाकं आधी सुटत आहेत, नाक बाहेर जातंय. थोडं जास्त फिरवावं लागणं बहुतेक सगळ्या गाड्यांत असतं. कंपनीने ते मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण घाबरलेला माणूस आपोआप स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि ॲक्सिलरेटर सोडतो. स्टिअरिंग उलट सैल करावं लागलं, तर मागची बाजू हलकी आहे. अशा गाडीला मागे जाड रॉड टाकायचा विचारही नको.

उजवीकडे वळताना ड्रायव्हर आतल्या बाजूला असतो, त्याला रेघ दिसते. डावीकडे वळताना शेजारच्याने रेघ पाहून सांगायचं. दोन्ही दिशांनी पाच-पाच फेऱ्या, त्यातल्या मधल्या तीन धरायच्या.

हे सगळं दोनदा करा. एकदा दोघेच असताना, आणि एकदा मागच्या सीटवर दोन माणसं व डिकीत डीएपीच्या दोन गोण्या टाकून. डीएपीची गोणी ५० किलोची असते. युरियाच्या घ्याल तर ४५ धरा. दुसऱ्या दिवशी नेमकं तेच वजन पुन्हा टाकता येतं, हा गोणीचा फायदा.

तपासा: वहीत तारीख, वेळ, थंड टायरमधली हवा, टाकीत पेट्रोल किती, माणसं किती हे लिहिलं का? सकाळी दहाच्या आत उरका. तापलेल्या सिमेंटवरची आणि गार सिमेंटवरची फेरी एकमेकींशी ताडता येत नाही.

## टप्पा ५ : उलटी परीक्षा, आहे तो रॉड सोडून पाहा

नवा घेण्याआधी आहे तो रॉड तात्पुरता कामातून काढा आणि खराब रस्त्यावर माणसाच्या पळण्याच्या वेगाने चालवा. रॉड तुमच्याकडून काय किंमत घेतो, ते फुकटात कळतं.

पुढची दोन्ही चाकं सारखीच उचला आणि गाडी दोन पक्क्या घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. दोन्ही लिंक काढा. मोकळा रॉड टायरला, ड्राइव्हशाफ्टला किंवा ब्रेकच्या पाइपला लागणार नाही असा तारेने बांधा.

सावधान: एकच बाजू जॅकवर उचलून लिंकचा नट सोडू नका. एक चाक लटकत असताना रॉडला पीळ बसलेला असतो. नट सुटताच तो झटक्याने सुटतो आणि बोटं तिथेच असतात.

सावधान: काही जुन्या छोट्या गाड्यांत हाच रॉड खालच्या आर्मला पुढे-मागे धरूनही ठेवतो. रॉडचं टोक थेट आर्ममधून आरपार जाऊन नटने बसलेलं असेल, तर त्याला हात लावू नका. हा टप्पा सोडा.

आता पांदणीवर किंवा कडा तुटलेल्या तुकड्यावर ताशी २० च्या आत एक किलोमीटर जा. महामार्गावर नाही, वर्तुळावरही नाही. मग रॉड परत जोडून तेवढंच अंतर तसंच जा.

रॉड नसताना डोकं कमी हेलकावलं, तर तुमच्या रस्त्यावर रॉडची किंमत मोठी आहे आणि जाड रॉडने ती वाढेल. काहीच फरक नाही वाटला, तर हेलकावे स्प्रिंग-शॉकअपचे किंवा कडक फुगवलेल्या टायरचे आहेत. जंगल-डोंगरात जाणाऱ्या काही जीपमध्ये पुढचा रॉड बटण दाबून सुटायची सोय कंपनीच देते, ती याच कारणासाठी. आपल्या पांदणी पावसाळ्यात त्या जंगलापेक्षा फार चांगल्या नसतात.

## टप्पा ६ : हिशोब करा

रॉडची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. २० मिलिमीटरचा २२ केला तर दोन मिलिमीटर नव्हे, ४६ टक्के वाढ. २० चा २४ केला तर दुपटीहून जास्त. पोकळ रॉडला नाक मुरडू नका: बाहेरून २४ आणि आतून १६ मिलिमीटरचा पोकळ रॉड भरीव रॉडच्या ८० टक्के ताकद देतो, वजन मात्र जवळपास निम्मं. टोकाला दोन भोकं असतील तर आतलं भोक धरल्यास आर्म आखूड होतो आणि ताकद वाढते. २५० चा २२५ मिलिमीटर झाला तर सुमारे २३ टक्के.

दुकानदार इथवरच सांगतो. पुढचं गणित घरी करायचं.

कलण्याला फक्त रॉड अडवत नाही, स्प्रिंगही अडवतात. समजा पुढच्या बाजूच्या १०० भाग ताकदीत रॉडचे ४० आहेत आणि मागच्या बाजूची ताकदही १०० आहे. पुढचा रॉड ४६ टक्क्यांनी वाढला म्हणजे ४० चे ५८ झाले. गाडीची एकूण ताकद २०० वरून २१८. कलणं कमी झालं फक्त ८ टक्क्यांच्या आसपास. दीड मीटरच्या पट्टीवर ५२ मिलिमीटरचे ४८ झाले. चार मिलिमीटर! आईला ते कळणार नाही. पण डाव्या चाकाखाली खड्डा आला की तिथे तोच ४६ टक्के कडक झालेला रॉड आहे, आणि ते तिला कळेल.

आता बाजू. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला पुढे जाड रॉड टाकला की कलणं कमी होतं, पण नाक आणखी बाहेर जाण्याची शक्यता वाढते. शिवाय वळणातून चढावर निघताना आतलं पुढचं चाक हलकं होऊन जागेवर गरगरतं. माझ्या वावराच्या फाट्यावर, जिथे पांदण चढून डांबराला लागते, तिथे माझ्या गाडीने नेमकं हेच केलं.

मागे जाड रॉड टाकला तर नाक चांगलं वळतं. सुकलेल्या सिमेंटवर मजा येते. पण खरिपाच्या दिवसांत ट्रॅक्टर वावरातून काळा चिखल डांबरावर आणून टाकतात आणि एका सरीने तो साबण होतो. अशा वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू फिरते. गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा नसेल तर मी मागचा रॉड जाड करा असं कुणालाच सांगणार नाही, घरच्याला तर नाहीच.

बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे स्वतंत्र रॉडच नसतो. तिथला आडवा बीम स्वतःच पिळून रॉडचं काम करतो. त्याला बोल्टने लावायचे जोड मिळतात. वेल्डिंग मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नका, पिळणाऱ्या लोखंडाला उष्णतेने तडा जातो. बोलेरोसारख्या मागे पाटे असलेल्या गाडीत पाटेच बरंच कलणं अडवतात. तिथे आधी पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी कडी) पाहा.

तर मग टाकायचा कुणी? टप्पा २ पूर्ण झाला आहे, मोजलेलं कलणं खरंच जास्त आहे, बहुतेक वापर घाटाचा किंवा गुळगुळीत महामार्गाचा आहे, गाडी नेहमी भरलेली असते आणि टप्पा ५ मध्ये रॉडची किंमत कमी निघाली आहे, अशांनी. तेही एकाच पायरीने, म्हणजे एक-दोन मिलिमीटर जाडी. एका वेळी एकच बाजू.

सावधान: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत. पैसे देण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर थांबा. याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीचाच जाड रॉड येतो का, ते पार्ट नंबरवरून पाहा. येत असेल तर तोच सर्वांत शहाणा मार्ग.

## टप्पा ७ : बसवताना

नव्या जाडीचेच डी-बुश घ्या. जुना बुश कापून जाड रॉडवर चढवणारे हात मी पाहिलेत. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर सोबत आलेलं सिलिकॉनचं ग्रीस लावा. साध्या रबराला चेसीचं ग्रीस लागलं की ते फुगतं आणि सैल होतं. आपल्या धुळीत पॉलियुरेथेन थोड्याच दिवसांत कुरकुरतो, हे आधीच धरून चाला. मी पुन्हा घेतला तर रबरीच घेईन.

चेसीवरचे जुने ब्रॅकेट तारेच्या ब्रशने घासून तडा आहे का पाहा. जाड रॉड तिथेच जास्त ओढतो.

लिंकचे नट हाताने लावा, गाडी चारही चाकांवर सपाट उभी करा, मग पक्के करा. टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने नट आवळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. मिस्त्रीकडे टॉर्क पाना नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा.

स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून रॉड कुठे घासतो का ते पाहा. रॉड बसवायला सबफ्रेम (आर्म वगैरे धरणारी खालची चौकट) खाली घ्यावी लागली असेल तर अलाइनमेंट पुन्हा करा.

## टप्पा ८ : तीच मापं पुन्हा

तेच आवार, तीच फक्कीची रेघ, तेवढीच हवा, त्याच दोन गोण्या, तोच ड्रायव्हर. याच कामात कोणी टायरही बदलले असतील तर ही परीक्षा रद्द. कशाने काय झालं हे कळणार नाही.

तीन आकडे शेजारी लिहा: पट्टीचा फरक, टेपची जागा, आणि २० किलोमीटरच्या फेऱ्यात मागे बसणाऱ्याने दहापैकी दिलेले गुण. गुण देणाऱ्याला रॉड बदलला हे सांगू नका. ज्याने पैसे दिले त्याचे गुण धरू नका, त्याला गाडी चांगलीच वाटते.

पट्टीचा फरक स्पष्ट कमी झाला, टेपची जागा बिघडली नाही आणि मागच्याचे गुण घटले नाहीत, तर ठेवा. कलणं कमी झालं पण स्टिअरिंग जास्त फिरवावं लागतंय, तर बाहेरच्या भोकात लिंक घालून एक पायरी मऊ करा आणि पुन्हा मोजा. गुण घटले असतील तर काढा. माझ्या गाडीचे सातवरून चार झाले होते, आणि देणारी आई होती.

ठेवलात तर २०० किलोमीटरने सगळे नट पुन्हा तपासा, आणि पहिला पावसाळा संपल्यावर ब्रॅकेट पुन्हा पाहा. काढलेला मूळ रॉड, लिंक आणि बुश पोत्यात बांधून, गाडीचा नंबर लिहून माळ्यावर टाका. भंगारवाल्याला देऊ नका, गाडी विकताना घेणारा आधी तोच मागतो.